प्रोजेक्टर चालला नाही, म्हणजे ‘टोटल डिझास्टर’?

ठोकताळा

आपल्याकडे हल्ली साध्या अडचणी यायच्या बंद झाल्यात, हे कुणाच्या लक्षात आलंय का? नेट हळू चालत नाही, ते ‘टॉर्चर’ असतं. केस जरा जास्त कापले गेले की ‘ट्रॉमा’. बैठक लांबली की ‘नाइटमेअर’. पार्किंग मिळालं नाही की ‘वॉर झोन’. आणि प्रोजेक्टरने पाच मिनिटं दगा दिला की ‘टोटल डिझास्टर’.

ताजं उदाहरण. परवा रात्री उशिरा सहकाऱ्याचा फोन. पहिलं वाक्य, "अरे, डिझास्टर झालंय." दुसरं, "क्लायंट बॅलिस्टिक गेलाय" (म्हणजे भडकलाय). तिसरं, "आय ॲम फिनिश्ड." मी विचारतोय, सर्व्हर पडला का, डेटा उडाला का, कुणाला काही झालं का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, "तू समजूनच घेत नाहीयेस, इट्स अ मेस!" बऱ्याच वेळाने निष्पन्न झालं ते असं की, अहवालाच्या पहिल्या पानावर क्लायंटचा जुना लोगो गेला होता. फाइल बदलून पुन्हा पाठवली. बॅलिस्टिक गेलेल्या क्लायंटचं उत्तर आलं, "थँक्स, नोटेड."

अतिशयोक्तीवर माझा राग नाही. सामना थोडक्यात हरलो तरी ‘पानिपत झालं’ म्हणणारी आपण माणसं. १७६१ साली काय घडलं होतं ते माहीत असूनही म्हणतो. ‘मेलो’, ‘जीव गेला’, ‘कंबरडं मोडलं’ हे तर दिवसाकाठी चालूच असतं. माझी तक्रार वेगळी आहे. वरची तीन वाक्यं पुन्हा वाचा. काय बिघडलं, कुणाचं बिघडलं, आता कुणी काय करायचं, यातलं काहीही त्यात नाही. नुसता आवाज आहे. ऐकणाऱ्याचे ठोके वाढतात आणि हाती काही लागत नाही.

तुमच्या आसपासचे नमुने टाका. आणि मी उगाच किरकिर करतोय असं वाटत असेल तर तेही बिनधास्त सांगा.

मधली_सुट्टी

हसून हसून पुरेवाट! "थँक्स, नोटेड" ला फुटले.

आमच्या घरात ‘लिटरली’चा सुळसुळाट आहे. "मी लिटरली मेले", "माझा फोन लिटरली जळून गेला" (गरम झाला होता). मी एकदा म्हटलं की लिटरली म्हणजे शब्दशः, तर कन्येने ऑक्सफर्डचा कोश तोंडावर फेकला. त्या कोशाने २०११ सालीच ‘नुसता जोर देण्यासाठी’ हा अर्थ नोंदवून टाकलाय म्हणे. मी तपासलं. खरं आहे. तेव्हापासून गप्प आहे.

आडनाव_नको

पालकांच्या व्हॉट्सॲप गटात या. बस दहा मिनिटं उशिरा आली की क्रमाने येतात: ‘हॉरिबल’, ‘पथेटिक’, ‘शेमफुल’, ‘हायली डिसअपॉइंटेड’. यातला ‘पथेटिक’ आपल्याकडे सगळ्यात वरच्या पायरीवर बसलाय, तिकडे इंग्रजांच्या देशात त्याचा मूळ सूर कीव करण्याचा. आणि इतकं सगळं लिहून झाल्यावर तिसाव्या मेसेजला कुणीतरी विचारतं, "कोणती बस?"

सांजवारा

ठोकताळा, थोडी असहमती.

शब्द झिजतातच. ‘ऑफुल’चा अर्थ एकेकाळी ‘पाहून धाक आणि आदर वाटावा असं’ होता. आज पेन चाललं नाही तरी ऑफुल. ‘टेरिफिक’ म्हणजे आधी थरकाप उडवणारं, आता चक्क शाबासकी. ‘डिझास्टर’मध्ये एक तारा दडलेला आहे, इटालियनमधला ‘आस्त्रो’. ग्रह वाकडे म्हणून ओढवलेलं संकट, असा तो मूळचा शब्द. आपल्या अहवालाला साडेसाती लागली एवढंच तुमचा सहकारी म्हणतोय, असं समजा. :) जाता जाता, ‘नाइटमेअर’मधली मेअर म्हणजे घोडी नव्हे. झोपलेल्याच्या छातीवर बसणारं भूत होतं ते.

आणि हे इंग्रजीचंच खूळ आहे असंही नाही. ‘भयंकर सुंदर’ आपण किती सहज म्हणतो! ‘भयानक आवडलं’, ‘खतरनाक गातो’. तिथे कुणी भीत नाही. मग डिझास्टरलाच का धरायचं?

ठोकताळा

सांजवाराताई, झीज मान्य. पण ‘भयंकर सुंदर’ ऐकून कुणाला उठून धावावं लागत नाही. बिघाडाचा शब्द झिजला तर खरी वेळ येईल तेव्हा काय म्हणायचं? त्याच सहकाऱ्याने उद्या पुन्हा डिझास्टर म्हटलं तर मी आधी लोगो बघणार.

रडारवाला

सहसा वाचनमात्र असतो, पण हा माझ्या प्रांतातला विषय निघाला.

विमानाच्या रेडिओवर संकटाचे शब्द ठरलेले असतात आणि ते मोजकेच आहेत. ‘मेडे’ तीन वेळा म्हटलं की जिवावरचा प्रसंग, ताबडतोब मदत हवी. हा शब्द फ्रेंचमधल्या ‘माझ्या मदतीला या’ वरून १९२० च्या दशकात घडवला गेला. त्याखालची पायरी ‘पॅन-पॅन’, हाही तीन वेळा. म्हणजे निकड आहे, पण या क्षणी जिवाला धोका नाही. हाही फ्रेंचच, ‘पान’ म्हणजे बिघाड. यांत विशेषण एकही नाही. शब्द उच्चारला की पलीकडच्या माणसाने काय करायचं ते आधीच ठरलेलं.

शब्द चुकला तर काय होतं, त्याचं शिकवताना हमखास दिलं जाणारं उदाहरण आव्हियांका या विमान कंपनीची फ्लाइट ५२. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं बोइंग ७०७. हवा खराब, उतरणाऱ्यांची रांग लागलेली, विमानाला तासाभराहून जास्त वेळ घिरट्या घालायला लावल्या. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ हवी असं सांगितलं. इंधन संपत आलंय हेही सांगितलं. पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द जमिनीवर कुणाच्या कानी पडला नाही, मेडे तर नाहीच. नियंत्रकांच्या लेखी ते रांगेतलंच एक विमान राहिलं. पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही, दुसऱ्यासाठी वळवलं आणि इंजिनं एकामागून एक बंद पडली. १५८ पैकी ७३ जण गेले. आता त्यासाठीही शब्द बांधून दिलेत. ‘मिनिमम फ्युएल’ (आणखी उशीर परवडणार नाही) वेगळं आणि ‘मेडे फ्युएल’ (थेट संकट) वेगळं.

दुसरं टोक म्हणजे ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट ९, २४ जून १९८२. इंडोनेशियात ज्वालामुखीच्या राखेत शिरली आणि चारही इंजिनं गपगार. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना जे सांगितलं ते प्रसिद्ध आहे. मराठीत साधारण असं: "एक छोटीशी अडचण आली आहे. चारही इंजिनं बंद पडली आहेत. ती सुरू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करत आहोत. आपल्याला फार त्रास होत नसावा अशी आशा आहे." राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली, विमान जकार्ताला उतरलं, सगळे वाचले.

हा किस्सा सांगताना लोक एक गोष्ट गाळतात. प्रवाशांशी ‘छोटीशी अडचण’ म्हणणाऱ्या त्याच कॉकपिटमधून रेडिओवर मात्र मेडे दिला गेला होता. ज्यांच्या हाती करण्यासारखं काही नाही त्यांना धीर, ज्यांच्या हाती आहे त्यांना मोजून मापून नेमका शब्द. आणि गंमत बघा, तरीही जकार्ताला आधी वाटलं की फक्त चार नंबरचं इंजिन गेलंय!

मधली_सुट्टी

रडारवाला, अंगावर काटा आला. वाचनमात्र राहू नका हो, लिहीत जा.

तिरळा_बाण

म्हणूनच मी अतिशयोक्तीच्या बाजूने! कमी बोलण्यानेही माणसं मरतात.

एप्रिल १९५१, कोरिया, इम्जिन नदी. ब्रिटिश तुकडी चिनी सैन्याच्या गराड्यात सापडली. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकी अधिकाऱ्याला परिस्थिती सांगितली ती "अ बिट स्टिकी" अशी, म्हणजे ‘जरा अडचणीचं आहे’. इंग्रज कानाला याचा अर्थ ‘आटोपलं’. अमेरिकी कानाला ‘चाललंय, निभावेल’. वेळेवर माघारीचा हुकूम आला नाही आणि ग्लॉस्टर्स बटालियनमधले मोजकेच परत फिरले, असं सांगितलं जातं.

आणि मातब्बर उदाहरण जपानच्या सम्राटाचं. हिरोशिमा झालं, नागासाकी झालं आणि १५ ऑगस्ट १९४५ ला रेडिओवर काय सांगितलं? युद्धाची परिस्थिती ‘जपानच्या हिताची झाली आहे असंच काही म्हणता येणार नाही’. त्यापेक्षा तुमच्या सहकाऱ्याचं "आय ॲम फिनिश्ड" परवडलं. निदान फोन तरी आला.

ठोकताळा

फोन आला हा मुद्दा बिनतोड आहे. ;)

पण बाणराव, ‘जरा अडचणीचं’ आणि ‘टोटल डिझास्टर’ ही दोन टोकं नाहीतच, एकच दुखणं आहे. दोन्हींत मोजमाप नाही. "तीन बाजूंनी घेरलोय, दारूगोळा रात्रीपर्यंतच पुरेल" असं ब्रॉडी म्हणाले असते तर अमेरिकी काय आणि ब्रिटिश काय, दोघांना एकच समजलं असतं.

निवांत_पाटी

अपघात विभागात काम करते, म्हणून दोन गोष्टी.

शून्य ते दहा अशी वेदनेची पट्टी आम्ही विचारतो. दहा म्हणजे कल्पनेतली सगळ्यात वाईट वेदना. एका हाताने मोबाइल चाळत ‘दहा’ सांगणारे आणि घामाने निथळत ‘असेल चार-पाच’ म्हणणारे, दोन्ही रोज भेटतात. दुसऱ्या प्रकारचे जास्त घाबरवतात. त्यामुळे आकड्यावर कुणी थांबत नाही. झोपेतून जाग येते का, पायऱ्या चढवतात का, कधीपासून, नेमकं बोट ठेवून दाखवा. ‘हॉरिबल पेन’पेक्षा ‘कालपासून कूस बदलता येत नाही’ हे वाक्य आम्हाला लाख पटीने उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. ठोकताळांच्या यादीत ‘ट्रॉमा’ विनोदाने आलाय, पण ट्रॉमा, पॅनिक अटॅक, पीटीएसडी (भीषण प्रसंगानंतर मागे उरणारा मनोविकार), डिप्रेशन अशा शब्दांत नुकसान सगळ्यात जास्त आहे. पीटीएसडी हे निदान म्हणून अमेरिकी मनोविकार नियमावलीत १९८० साली आलं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात त्यावर बरीच भांडणं झाल्यावर. आज वाईट मुलाखतीनंतर ‘मला पीटीएसडी झालाय’ म्हणतात. ज्या मुलीला खरोखर पॅनिक अटॅक येतात, छाती आवळते, आता मरणार असं वाटतं, ती मैत्रिणींना सांगायला जाते तेव्हा उत्तर मिळतं, "अगं, मला पण कालच आला, वायफाय गेलं तेव्हा." ती पुन्हा बोलत नाही. उशिरा येते आमच्याकडे.

सांजवारा

निवांत_पाटी, हे पटलं. माझं झिजेचं समर्थन या शब्दांपुरतं मागे.

लाल_फीत

आमच्या कार्यालयात आधी ‘अर्जंट’ होतं. मग ‘व्हेरी अर्जंट’. मग ‘मोस्ट अर्जंट’. मराठीकरण झालं तेव्हा ‘तात्काळ’ आलं, पाठोपाठ ‘अतितात्काळ’. सध्या ज्या फायलीवर काहीच लिहिलेलं नसतं ती मी आधी उघडतो. ती पाठवणाऱ्याला खरंच काम असतं.

कर्सर_ब्लिंक

लाल_फीत, मानलं तुम्हाला. =))

आयटीत हे दुखणं दुहेरी आहे. तोंडी बोलताना सगळं फुगतं: वॉर रूम, फायर फायटिंग, ब्लडबाथ, मेल्टडाउन. (मेल्टडाउन म्हणजे अणुभट्टीचा गाभा वितळणं. थ्री माइल आयलंड, चेर्नोबिल, फुकुशिमा. इथे एका तरुण मुलाची एक्सेल शीट बंद पडलेली असते.) आणि तीच घटना ग्राहकाला लेखी कळवताना सगळं आकसतं: "काही वापरकर्त्यांना किंचित विलंबाचा अनुभव येऊ शकतो." वाचा, ‘अनुभव येऊ शकतो’! पैसे कापले गेलेत, पावती मिळालेली नाही, लोक शिव्या घालतायत आणि आम्ही त्यांना अनुभव देतोय. आत ब्लडबाथ, बाहेर किंचित विलंब. लिहिणारा माणूस तोच, तासाभराच्या अंतराने. मला वाटतं दोन्हीकडे हेतू एकच असतो. आत फुगवलं की आपण किती झुंजतोय ते दिसतं, बाहेर आकसलं की आपण किती चुकलो ते दिसत नाही.

तीव्रतेच्या पायऱ्या आमच्याकडेही आहेत, पी-वन (सगळ्यात तातडीचं) ते पी-फोर. वर्षभरात सगळं पी-वन झालं, कारण पी-टूला कुणी हात लावत नव्हतं. मग टीमने पहिल्या मेसेजचा साचाच ठरवला. काय बंद आहे, कुणासाठी, कधीपासून, काय करून पाहिलं. विशेषण दिसलं की मेसेज परत. परवाचा नमुना:

"पावती डाउनलोड होत नाही. फक्त मोबाइल ॲपवर, वेबवर होते. दुपारी सव्वातीनपासून. ॲप पुन्हा टाकून पाहिलं, फरक नाही."

हे वाचून कुणाचीही छाती धडधडत नाही, पण कुठे बघायचं ते लगेच कळतं. सव्वातीनला काय बदललं होतं तेवढंच शोधायचं होतं.

पूररेषा

आपत्ती व्यवस्थापनाशी कामानिमित्त संबंध येतो म्हणून भर घालतो. ‘डिझास्टर’ची कायदेशीर व्याख्याच आहे, २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात. त्यात जीवितहानी, मालमत्तेचं किंवा पर्यावरणाचं नुकसान वगैरे येतंच, पण कळीचा भाग शेवटी आहे: बाधित भागातल्या समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडचं. ही कसोटी मला फार आवडते. जुना लोगो बदलणं ठोकताळांच्या सहकाऱ्याच्या क्षमतेपलीकडचं होतं का? असेल तर डिझास्टर.

हवामान खात्याची वादळांची शिडीही बघण्यासारखी आहे. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा म्हणजे डिप्रेशन (मनाचं नव्हे, चक्रीवादळाच्या खालची पायरी), ६२ला पोचला की चक्रीवादळ, ८९ला तीव्र, ११८ला अतितीव्र, आणि २२२ला पोचला की सुपर सायक्लोन, ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशावर आलं तसं. ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ ही विशेषणंच आहेत, पण प्रत्येकाच्या पाठीशी आकडा उभा आहे. कुणाला काय वाटलं यावर ‘अति’ लागत नाही.

आडनाव_नको

व्याख्येची वाचनखूण साठवली. पालक गटावर चिकटवणार.

तिरळा_बाण

अहो, पण सगळेच मोजून मापून बोलायला लागले तर जगण्यात मजा काय? "प्रोजेक्टर सुरू व्हायला सात मिनिटं लागली" हा किस्सा सांगायला कोण बसेल? त्यात साहेबांचा चेहरा, वायर शोधणारा शिपाई, मागून कुणीतरी फिस्सकन हसलेलं, हे सगळं यायचं तर थोडं तिखटमीठ लागणारच.

सांजवारा

बाणराव, तिखटमिठाला मराठीत कुठे तोटा आहे? उलट आपले शब्द काय प्रकारचं बिघडलं तेही सांगतात. प्रोजेक्टर चालेना तो खोळंबा. पडद्यावर भलत्याच क्लायंटची स्लाइड उमटली ती फजिती. रंगात आलेलं सादरीकरण दोघांनी वेगवेगळे आकडे सांगून मोडलं तो विचका. जागा बदलल्याचं कुणालाच कळवलं नव्हतं तो बोजवारा. साहेब खूश होतील म्हणून पुढे गेलो आणि ते ढुंकूनही न बघता निघून गेले, पचका. या सगळ्यांवर एकच ‘डिझास्टर’ थापला की किस्साही फिका पडतो, बाणराव. माहितीचं तर सोडाच.

तिरळा_बाण

‘पचका’ला पर्यायच नाही, हे मान्य. बाकी मी माझ्या ‘एपिक फेल’वर ठाम. हलके घ्या.

ठोकताळा

किस्सा सांगताना काय हवं ते म्हणा, तिथे कुणाची हरकत असायचं कारण नाही. माझा आग्रह फक्त तेव्हाचा, जेव्हा तुम्हाला समोरच्याला खुर्चीतून उठवायचं असतं.

कर्सर_ब्लिंक, तुमचा साचा ढापतोय. एक शंका: त्यात ‘किती गंभीर’ ही ओळ का नाही? पाठवणाऱ्याला निदान अंदाज तर देता येईल.

कर्सर_ब्लिंक

होती. सगळ्यांनी तिथे ‘क्रिटिकल’ लिहिलं, म्हणून काढली. तिच्याऐवजी आता दोनच पर्याय आहेत: ‘काम पूर्ण अडलंय’ किंवा ‘वळसा घेऊन चालतंय’. वळसा निवडला तर तो कोणता, ते लिहावंच लागतं. अर्ध्या लोकांना ते लिहिता लिहिताच मार्ग सापडतो आणि मेसेज येतच नाही.